दक्षिण सुदानमध्ये सिव्हिल अफेअर्सची टीम चालवायची तर

सिव्हिल अफेअर्स म्हणजे काय, हे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमिशनमधल्या निम्म्या लोकांनाही धड सांगता येत नाही. सैनिकांच्या लेखी ही गावात जाऊन गोड बोलणारी मंडळी. मदतसंस्थांच्या लेखी खिशात पैसे नसलेली आणखी एक संस्था. आणि गावकऱ्यांच्या लेखी, हेलिकॉप्टरमधून उतरून वहीत लिहून घेणारे आणि पुन्हा तोंड न दाखवणारे लोक. यातलं शेवटचं मत सगळ्यात खरं असतं. प्रमुख म्हणून तुमचं बरंचसं काम ते खोटं पाडण्याचंच आहे.

महसूल खात्यात, सैन्यात किंवा स्वयंसेवी संस्थेत वर्षं काढून आता संयुक्त राष्ट्रांकडे वळू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. उदाहरण एकाच मिशनचं घेतो, दक्षिण सुदानमधल्या 'अनमिस'चं. दहा देशांची सरमिसळ केली की सल्ला गुळगुळीत होतो. शिवाय त्या देशात भारताची मोठी फौज पहिल्यापासून आहे, आणि २०१९ ते २०२२ या काळात मिशनचे फोर्स कमांडर लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर होते. त्यामुळे मराठी माणसाला तो मुलूख अगदीच परका राहिलेला नाही.

नावाचा इतिहास थोडक्यात. सिव्हिल अफेअर्स हा स्वतंत्र विभाग म्हणून रूढ झाला तो १९९२ मध्ये, युगोस्लाव्हिया फुटल्यावर तिथे गेलेल्या अनप्रोफोर या मिशनपासून. त्या मिशनचे पहिले फोर्स कमांडर लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी, आणि सिव्हिल अफेअर्सची धुरा सेड्रिक थॉर्नबेरी यांच्याकडे होती. पुढे २००८ च्या धोरणात या कामाचे तीन भाग मुक्रर झाले: स्थानिक पातळीवर मिशनचा चेहरा होऊन परिस्थितीवर नजर ठेवणं आणि इतर विभागांना वाट काढून देणं, समाजा-समाजातली भांडणं मिटायला मदत करणं, आणि सरकारी यंत्रणा उभी राहायला हातभार लावणं. तिसरा भाग कागदावर भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात दिवस जातो तो पहिल्या दोनांत.

पहिली पायरी: ठराव सातबारासारखा वाचा

मिशनला सुरक्षा परिषदेचा ठराव म्हणजे शेतकऱ्याला सातबारा. आपली हद्द कुठवर, दुसऱ्याची कुठून, कोणता हक्क नोंदलेला आहे आणि कोणता नुसता तोंडी, हे तिथेच कळतं. तरीही रुजू झालेली बरीच मंडळी तो एकदा चाळून बाजूला ठेवतात.

दक्षिण सुदानमध्ये याची किंमत कळली. ठराव १९९६ हा ८ जुलै २०११ चा, स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशीचा. त्यात भर होता नवं राज्य उभं करण्यावर. सिव्हिल अफेअर्सचे अधिकारी काउंटीच्या, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या भागाच्या, कमिशनरच्या शेजारी बसून नियोजन, प्रशिक्षण, बैठका यांत मदत करत होते. १५ डिसेंबर २०१३ ला राजधानी जुबात गोळीबार सुरू झाला, यादवी पेटली आणि काही दिवसांतच हजारो माणसं जीव वाचवायला मिशनच्या फाटकांशी आली. मे २०१४ मध्ये ठराव २१५५ आला, त्याने राज्यउभारणी बाजूला काढली. उरली चार कामं: नागरिकांचं संरक्षण, मानवाधिकारांवर देखरेख, मदत पोहोचण्यासाठी वाट मोकळी करणं, आणि युद्धबंदीच्या कराराला साथ. कालपर्यंत ज्या कमिशनरसोबत योजना आखल्या तो आता युद्धातला एक पक्ष होता. त्याच्याशी बोलायचं होतंच, पण वेगळ्या खुर्चीत बसून.

म्हणून पहिल्या आठवड्यात एक कागद करा. ठरावाचं एकेक कलम घ्या आणि पुढे लिहा: हे आमचं, हे दुसऱ्या विभागाचं पण आम्ही मदत करतो, याला आम्ही हात लावत नाही. मानवाधिकार, राजकीय व्यवहार, मदतीचं समन्वय कार्यालय, आणि सैन्यातले नागरी-लष्करी समन्वयाचे अधिकारी, या चौघांच्या प्रमुखांसोबत तो कागद चहावर वाचा. नावं सारखी असल्यामुळे सैन्यातल्या समन्वय अधिकाऱ्यांशी सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ते आपल्या बटालियनच्या गरजेतून गावाशी बोलतात, तुम्ही मिशनच्या राजकीय उद्देशातून. एकाच आठवड्यात एकाच मुखियाकडे दोघं वेगवेगळी आश्वासनं घेऊन गेलात, तर मुखिया दोघांनाही खेळवतो, आणि तसं करणं त्याचा हक्क आहे.

ठराव साधारण दरवर्षी नव्याने येतो. कागदही दरवर्षी नवा करा.

दुसरी पायरी: माणसांचा नकाशा

राज्य, त्याखाली काउंटी, मग पायाम, मग बोमा. बोमा म्हणजे आपल्याकडच्या गावाजवळ जाणारं सगळ्यात खालचं एकक. ही उतरंड पाठ करणं सोपं आहे, पण ती जागेवर थांबत नाही. २०११ मध्ये १० राज्यं होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी फर्मान काढून २८ केली, जानेवारी २०१७ मध्ये ३२ झाली, आणि शांतता कराराच्या वाटाघाटींनंतर फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा १० राज्यं व ३ प्रशासकीय क्षेत्रं. प्रत्येक वेळी सीमा हलल्या, म्हणजे चराई, पाणी, नोकऱ्या आणि काउंटीचं ठाणं कुणाकडे हे हललं. आपल्याकडे तालुक्याचं विभाजन झालं की ठाण्याचं गाव कोणतं यावरून मोर्चे निघतात. तिथे त्याच प्रश्नावर बंदुका निघतात.

याचं सगळ्यात कडू उदाहरण मलाकालचं. २८ राज्यांच्या फर्मानाने ते शहर डिंका समाज बहुसंख्य असलेल्या नव्या राज्यात गेलं, आणि शिलुक लोकांना आपलं शहर हिरावलं गेल्यासारखं वाटलं. फेब्रुवारी २०१६ च्या सुरुवातीला तिथल्या प्रशासनाने शिलुक व नुएर सरकारी कर्मचाऱ्यांना कामावरून काढायचा आदेश काढला. १७ आणि १८ फेब्रुवारीला मिशनच्या आवारातल्या संरक्षित छावणीत हिंसा उसळली, गणवेशातले लोक कुंपण ओलांडून आत आले, छावणीचा मोठा भाग जळाला आणि माणसं मेली. कर्मचाऱ्यांना काढण्याचा आदेश ही वरवर पाहता कारकुनी बातमी. पण धोक्याची घंटा बंदुकीच्या आवाजाच्या आधी वाजते ती अशीच, टाइप केलेल्या कागदावर. ती ऐकायची जबाबदारी सिव्हिल अफेअर्सची, कारण सरकारी आदेशांचे कागद नियमितपणे वाचणारे मिशनमध्ये फारसे कुणी नसतात.

नकाशात कमिशनर पहिला येतो, पण तो वरून नेमलेला असतो आणि फर्मानानिशी रातोरात जातो. त्यामुळे त्याच्याइतकाच वेळ यांना द्या: पारंपरिक मुखिये, चर्चचे पाद्री, बायकांच्या मंडळांच्या प्रमुख, बाजारातले व्यापारी (त्यातले बरेच परदेशी, आणि रस्ता कधी बंद होणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं), गुरांच्या तळावरचे म्होरके. पूर्व इक्वेटोरियात मोन्योमिजी म्हणून वयोगटाची राजवट आहे. एका पिढीचे तरुण समारंभाने गावाचा कारभार हाती घेतात. तिथे फक्त म्हाताऱ्यांशी बोलून आलात तर निर्णय घेणाऱ्यांशी बोलणं राहूनच गेलं. जोंगले राज्यातल्या नुएर भागात सशस्त्र तरुणांचे जथे जमतात, त्यांना व्हाइट आर्मी म्हणतात. ती फौज नव्हे, तिला कायमचा सेनापती नाही, पण कोणत्या म्होरक्याच्या शब्दावर कुठल्या गावचे तरुण उठतात हे ठरलेलं असतं.

आणखी एक नाव यादीत हवं, आणि ते गावात नसतं: जुबात बसलेला त्या भागाचा नेता. गावातलं भांडण कैकदा त्याच्या फोनवर पेटतं आणि त्याच्याच फोनवर विझतं. राजधानीतल्या आपल्या सहकाऱ्यांना त्याच्याकडे पाठवल्याशिवाय बोमात कितीही बैठका घ्या, पाणी बुडाशी गळत राहतं.

ही यादी म्हणजे स्फोटक वस्तू आहे हे विसरू नका. कोण कुणाच्या बाजूचा, कुणी काय सांगितलं, हे चुकीच्या हाती पडलं तर माणूस मरतो. नावं वेगळी, माहिती वेगळी, आणि लॅपटॉप नाक्यावर उघडावा लागेल हे गृहीत धरून ठेवणी करा.

तिसरी पायरी: पावसाचं आणि गुरांचं पंचांग

मुख्यालयाचं वर्ष अर्थसंकल्पाप्रमाणे १ जुलैला सुरू होतं. दक्षिण सुदानचं वर्ष पावसाने चालतं. तुमचं नियोजन पहिल्याप्रमाणे झालं की सगळे कार्यक्रम नेमके चिखलात येतात.

विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला तिथली जमीन पाहून घरची आठवण होईल. जोंगले, अपर नाईल, युनिटी या भागांत मैलोन्‌मैल काळी चिकण माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसात पाय रुतला की बूट आतच राहतो. फरक एवढाच की तिथे डांबरी रस्ता जवळपास नाहीच. मे ते ऑक्टोबर बहुतेक काउंट्या रस्त्याने तुटतात. नोव्हेंबरपासून जमीन वाळते, गुरं पाण्याच्या आणि गवताच्या मागे नदीकाठच्या तोइचकडे, म्हणजे पुराचं पाणी ओसरल्यावर हिरव्या राहणाऱ्या कुरणांकडे निघतात, आणि तिथे दोन समाजांच्या वाटा एकमेकींना छेदतात. जमीन वाळली की ट्रक चालतात तसे गुरं पळवायला निघालेले जथेही चालतात. लग्नात मुलीकडच्यांना द्यायचं मूल्य गाईंत मोजतात, खून झाला तर भरपाईही गाईंत. ज्या तरुणाकडे गाई नाहीत त्याला बायको नाही, आणि शेजारच्या टोळीकडे गाई आहेत. हे अर्थकारण डोक्यात ठेवल्याशिवाय 'आदिम वैर' वगैरे शब्द अहवालात लिहू नका. मी पहिल्या वर्षी लिहिले होते. माझ्या डिंका सहकाऱ्याने ते वाचून विचारलं, तुमच्याकडे हुंड्यापायी माणसं मरतात त्याला काय म्हणता?

तर पंचांग असं मांडा. सप्टेंबर-ऑक्टोबर: पुरात कुणाचं पीक गेलं, कुणाची गुरं दगावली, याची नोंद, ज्यांचं गेलं ते या मोसमात आधी आणि लांबवर हलणार. २०१९ पासूनच्या मोठ्या पुरांनी जुन्या वाटाच बदलल्या आहेत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या नकाशावर विसंबू नका. नोव्हेंबर: गुरं निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या बैठका. जानेवारी ते एप्रिल: तळांवर भेटी, गस्तीसाठी सैन्याला ठिकाणं सुचवणं. मे: परतीच्या वेळची भांडणं, कारण तेव्हा शेतात कोवळं पीक असतं. पावसाळा: ऑफिसात बसून वर्षाचे धडे लिहिणं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, आणि हेलिकॉप्टर मिळेल तेव्हा मिळेल तिथे जाणं.

या पंचांगावर उभं राहिलेलं एक खरंखुरं काम म्हणजे २०१६ चा मारियाल बाई करार. वाव भागातले शेतकरी आणि तोंज-गोग्रियालकडून येणारे डिंका गुराखी यांच्यातला. त्याचं सार आपल्या धनगरांना आणि त्यांना शेतात मेंढ्या बसवू देणाऱ्या शेतकऱ्यांना लगेच कळेल: सुगी झाल्याशिवाय गुरं आणायची नाहीत, येण्याआधी तिथल्या मुखियांना कळवायचं, बंदूक घेऊन यायचं नाही, पिकाचं नुकसान झालं तर आणि गाय मारली गेली तर भरपाई, आणि हे पाहायला दोन्हीकडच्या लोकांची समिती. मिशनच्या सिव्हिल अफेअर्सने अशा बैठकांना वाहनं, जागा, संरक्षण आणि चिकाटी पुरवली. करार पुढे मोडलाही, माणसं मेलीही. तरी दर मोसमाआधी लोक पुन्हा त्याच मजकुराभोवती बसतात, हे महत्त्वाचं.

चौथी पायरी: टीम बांधताना

तुमच्या टीममधले निम्म्याहून जास्त परदेशी अधिकारी दोन वर्षांत बदलतील. स्मरणशक्ती असते ती स्थानिक कर्मचाऱ्यांकडे. तेच दुभाषे, तेच वाटाडे, आणि धोका सगळ्यात जास्त त्यांनाच. डिसेंबर २०१३ मध्ये जुबात नुएर लोकांना हुडकून मारलं गेलं, तेव्हा मिशनच्याच काही कर्मचाऱ्यांना मिशनच्या आवारात आसरा घ्यावा लागला. त्यामुळे कुणाला कुठे पाठवायचं हा प्रश्न नुसत्या ड्यूटी चार्टचा नाही. प्रत्येक फेरीआधी त्या माणसाला एकट्याला विचारा: तुला तिथे जायला हरकत आहे का? सगळ्यांसमोर विचारलं तर तो नाही म्हणणार नाही.

दुसरी बाजूही आहे. स्थानिक कर्मचाऱ्याचा समाज, नातेवाईक, सासरवाडी या सगळ्यांतून बातमी गाळून येते. त्यात लबाडी नाही, तुमच्या-माझ्यातही तेच होतं. उपाय म्हणजे एकाच घटनेची माहिती दोन वेगळ्या समाजांच्या सहकाऱ्यांकडून घेणं, आणि महत्त्वाच्या बैठकीला दोन दुभाषे नेणं. भाषांतर करणाऱ्याला आधी बजावा: शिवी असली तरी शिवीच सांग. 'ते थोडे नाराज आहेत' असं मऊ भाषांतर झालं आणि खरं वाक्य 'पुढच्या पौर्णिमेला बघून घेऊ' असं होतं, हे आम्हाला एकदा तीन दिवसांनी कळलं.

जुबा अरबीतलं कामापुरतं बोलणं सहा महिन्यांत येतं. ते शिका. डिंका 'कुदुआल' आणि नुएर 'माले' एवढ्या दोन नमस्कारांनीही समोरच्याचा चेहरा सैलावतो. टीममध्ये बायका हव्यात, आणि त्या नुसत्या बायकांच्या बैठकीपुरत्या नकोत. लाकूडफाटा आणायला कुठल्या वाटेने जावं लागतं, कुठल्या नाक्यावर सैनिक त्रास देतात, हे बायका बायकांना सांगतात. मिशनच्या सैन्याने सरपणाच्या वाटांवर गस्ती सुरू केल्या त्या अशाच माहितीवर.

पाचवी पायरी: गावभेट

हे कौशल्याचं काम आहे आणि शिकवल्याशिवाय येत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

आधी उड्डाण. मिशनच्या हेलिकॉप्टरला दोन्हीकडच्या फौजांकडून सुरक्षिततेची हमी मिळवावी लागते. ही औपचारिकता वाटते, पण २१ डिसेंबर २०१२ ला जोंगलेत सरकारी फौजेनेच मिशनचं हेलिकॉप्टर पाडलं आणि त्यातले चार रशियन कर्मचारी गेले. हमी लेखी घ्या आणि निघण्याआधी फोनवर पुन्हा विचारा. जमिनीवरचा रस्ताही तितकाच निष्ठुर. ९ एप्रिल २०१३ ला गुमुरुकजवळ ताफ्यावर झालेल्या हल्ल्यात पाच भारतीय सैनिक आणि सात नागरी कर्मचारी मारले गेले. तुमच्या भेटीसाठी सैनिक जीव पणाला लावतात, त्यामुळे 'जाऊन बघून येऊ' अशी भेट काढायचा हक्क तुम्हाला नाही. प्रत्येक भेटीचा प्रश्न एका वाक्यात लिहिता आला पाहिजे.

उतरल्यावर आधी अधिकाऱ्याकडे जा, मग मुखियाकडे. क्रम चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याचा राग मुखियावर निघतो. हत्यारी सैनिक बैठकीच्या झाडापासून लांब उभे राहतील हे कमांडरशी आधीच ठरवा. जेवण आणलं तर थोडं खा. सुरुवातीचा अर्धा तास पाऊस, गुरं, आजार यावरच जाऊ द्या. मग विचारा ते उघडे प्रश्न: गेल्या महिन्यात बाजारात कोण येईनासं झालं? गुरं कुठे आहेत? कुणाच्या मुलांनी शाळा सोडली? 'इथे सुरक्षित वाटतं का' हा प्रश्न कधीच विचारू नका. कमिशनर शेजारी बसलेला असताना त्याला एकच उत्तर असतं.

वही शक्यतो बंद ठेवा. लिहायचं ते हेलिकॉप्टरमध्ये लिहा. फोटो काढू नका. तुम्ही सोशल मीडियावर टाकलेला फोटो शत्रूच्या मोबाइलवरही पोहोचतो. बायकांशी आणि तरुणांशी वेगळं बसा, पण बाकीच्यांच्या नजरेच्या टप्प्यात, म्हणजे 'चोरून काय सांगितलं' असा संशय येणार नाही.

आणि निघताना एकच गोष्ट कबूल करा, तीसुद्धा तुमच्या हातातली. शाळा, बोअरवेल, दवाखाना यातलं काहीही नाही. 'तुम्ही सांगितलं ते मी सैन्याच्या प्रमुखांना परवा सांगेन आणि त्यांचं उत्तर घेऊन पुढच्या महिन्यात येईन', एवढंच. मग खरोखर या. उत्तर 'नाही' असलं तरी या. मी पाहिलेल्या टीम्सपैकी ज्या नकार घेऊन परत गेल्या त्यांना गावाने पुढे खरं सांगितलं, आणि ज्यांनी मोठमोठं कबूल केलं त्यांना गाव गोड गोड सांगत राहिलं. महिन्याच्या आढाव्यात टीमला किती भेटी केल्या हे विचारू नका. किती ठिकाणी दुसऱ्यांदा गेलात, हे विचारा.

सहावी पायरी: ऐकलेलं आत पोहोचवणं

गावात ऐकलेलं अहवालात झोपतं, हा या विभागाचा जुनाच रोग. रोजचा अहवाल मुख्यालयाकडे जातो, तो वाचणाऱ्याच्या टेबलावर आणखी वीस असतात. 'तरुण अस्वस्थ आहेत' या वाक्यावर कुठलाही कमांडर तुकडी हलवत नाही. 'अमुक तळावरच्या बायका-मुलांना तीन दिवसांपूर्वी मागे पाठवलं, गुरं उत्तरेला हलवली, आणि बाजारातलं मीठ संपलं' यावर हलवतो, कारण जथा निघायच्या आधीच्या या खुणा सैनिकालाही समजतात. तुमच्या टीमला असं लिहायला शिकवा: काय दिसलं, कुणाकडून, किती जणांकडून, आणि आपल्याला काय हवंय.

सकाळच्या बैठकीत बोलणं एक, पण बटालियनच्या कमांडरशी संध्याकाळी गप्पा मारणं जास्त उपयोगी. भारतीय तुकडीसोबत जनावरांचे डॉक्टर असतात. गुरांच्या तळावर मिशनचा झेंडा घेऊन गेलात तर तरुण पाठ फिरवतात, लस घेऊन गेलात तर स्वतः गुरं हाकत आणतात, आणि लस देताना होणारं बोलणं कुठल्याच बैठकीत होत नाही. अशा फेऱ्या सैन्य आखतं, पण कुठे आणि कधी जायचं हे तुमच्या पंचांगातून ठरलं पाहिजे.

दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात अशा आहेत. १९ डिसेंबर २०१३ ला अकोबोचा छोटा तळ सशस्त्र नुएर तरुणांच्या मोठ्या जमावाने घेरला, आसऱ्याला आलेल्या डिंका नागरिकांना मारलं, आणि त्यांना वाचवताना दोन भारतीय सैनिक पडले. १७ एप्रिल २०१४ ला बोरमध्ये एक जमाव निवेदन द्यायच्या निमित्ताने मिशनच्या तळावर आला आणि आतल्या छावणीवर तुटून पडला. चाळीसहून जास्त माणसं गेली. निवेदनं घेणं हे सिव्हिल अफेअर्सचं नेहमीचं काम. तेव्हापासूनचा माझा नियम: निवेदन शहरात, कमिशनरच्या किंवा चर्चच्या अंगणात, पाच जणांकडून, आदल्या दिवशी ठरवून घ्यायचं. जमाव फाटकाशी येऊन 'फक्त कागद द्यायचाय' म्हणाला तर आधी छावणीच्या बाजूच्या चौक्यांना कळवायचं, मग पुढे व्हायचं.

सातवी पायरी: समेटाच्या बैठका

समेटाची सर्वात मोठी गोष्ट मिशनच्या जन्माआधीची आहे. १९९९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वुनलित इथे नाईलच्या पश्चिमेकडच्या डिंका आणि नुएर लोकांची परिषद झाली, चर्चच्या पुढाकाराने. त्यासाठी झोपड्यांचं अख्खं गाव उभारलं. आधीचं वर्ष मुखियांच्या एकमेकांकडे भेटी घडवण्यात गेलं होतं. परिषदेत पांढऱ्या बैलाचा बळी दिला गेला, आणि मग दोन्ही बाजूंनी दिवसचे दिवस आपापली गाऱ्हाणी मांडली, मध्येच कुणी कुणाला तोडलं नाही. आता याच्यासमोर आमच्याकडचा नमुना ठेवा: दोन दिवसांची कार्यशाळा, प्रोजेक्टर, रंगीत चिठ्ठ्या, शेवटी जाहीरनामा, आणि विमान चार वाजता निघणार म्हणून भरपाईचा मुद्दा 'पुढील चर्चेसाठी' ढकललेला.

भरपाईचा मुद्दा ढकलायचा नसतो. पळवलेल्या बायका-मुलांच्या परतीचाही नाही. सगळी बैठक त्या दोन प्रश्नांसाठी भरलेली असते, बाकीचं तोंडीलावणं. म्हणून बैठकीच्या आधी किमान दोन-तीन फेऱ्या फक्त याद्या करण्यासाठी: कुणाची किती गुरं, कोण मूल कुणाच्या घरी. याद्या जुळणार नाहीत, पण फरक किती आहे ते तरी कळेल.

पैशाचं स्पष्ट बोलतो. येणाऱ्याला प्रवास आणि जेवण द्या, भत्ता देऊ नका. एकदा भत्ता सुरू झाला की शांतता हा मोसमी धंदा होतो, आणि पुढच्या बैठकीला तीच वीस माणसं नवीन पदव्या लावून येतात. कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही ते बघा. ज्याच्या शब्दावर बंदुका उठतात तो आला नसेल तर तारीख पुढे ढकला, मुख्यालय कितीही ओरडलं तरी. आणि करार झाला की तो पाळला जातोय का हे बघणाऱ्या स्थानिक समितीला सायकली, सॅटेलाइट फोनचं रिचार्ज, नदीत डोंगा, असलं किरकोळ सामान लागतं. परिषदेच्या खर्चात ते कधीच धरलेलं नसतं. तुम्ही धरा.

छोटे प्रकल्प आणि मोठे नियम

मिशनकडे झटपट प्रकल्पांसाठी थोडा निधी असतो, एकेका कामाला साधारण ५०,००० डॉलरच्या आतला. कमिशनरचं ऑफिस, पोलीसचौकी, बाजारातली शेड, बोअरवेल असली कामं त्यातून होतात. इथे एकच सल्ला: बोअरवेल कुठे पाडायची हे भूगर्भशास्त्रज्ञाइतकंच दोन्ही समाजांना विचारा. चुकीच्या बाजूला पाणी लागलं की तुम्ही भांडणाला कायमचा पत्ता दिलात.

नियमांच्या बाबतीत मात्र सूट नाही. स्थानिक लोकांशी पैसे, अन्न किंवा मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध, आणि १८ वर्षांखालच्या कुणाशीही, हे महासचिवांच्या २००३ च्या आदेशाने पूर्ण निषिद्ध आहे. वय माहीत नव्हतं ही सबब चालत नाही. गावात तक्रार बहुतेक वेळा पहिल्यांदा सिव्हिल अफेअर्सच्याच कानावर येते, कारण गावात तुम्हीच जाता. ती त्याच दिवशी लेखी पुढे गेली पाहिजे, आरोपी तुमच्या देशाच्या तुकडीतला असला तरी. तिथे तुमची खरी परीक्षा होते, आणि तुकडीच्या मेसमधलं तुमचं जेवण त्या दिवसापासून थोडं थंड होतं.

तिथवर पोहोचायचं कसं

अर्ज संयुक्त राष्ट्रांच्या नोकऱ्यांच्या पोर्टलवरूनच. पदव्युत्तर पदवीनंतर पी-३ श्रेणीच्या पदाला पाच, पी-४ ला सात, पी-५ ला दहा वर्षांचा अनुभव मागतात. फील्ड ऑफिसमधला टीमप्रमुख बहुधा पी-४ असतो. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक म्हणून आत शिरण्याची वाट बरेच जण घेतात, आणि ती चांगली आहे. अर्जात 'समन्वय केला' असं लिहू नका. दुष्काळात दोन गावांचा पाण्याचा तंटा मिटवला असेल तर कुणाला बोलावलं, कोण उठून गेलं, त्याला परत कसं आणलं, ते लिहा. मुलाखतीत हेच विचारतात.

आणि निघायची वेळ आली की शेवटचं काम: पुढच्या माणसासाठी हस्तांतराची नोंद. त्यात विभागाचं यश वगैरे लिहिण्यात पानं घालवू नका. बोमावार लिहा: इथे कुणाला भेटायचं, कुणाशी कुणासमोर बोलायचं नाही, शेवटची भेट कधी झाली, आणि तेव्हा काय कबूल करून आलो आहोत. मग त्याला घेऊन निदान दोन-तीन गावांत स्वतः जा, झाडाखाली बसा, आणि मुखियाला सांगा की मी जातोय, आता हा येईल.